हिवाळ्यात 'वाळलेला' ख्रिसमस ट्री: तोडायच्या आधी हे तपासा

दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे, मला एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात त्याच उन्हाळ्यात घर घेतलेलं असतं. बॅकयार्डात एक सरळसोट, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं उंच झाड असतं. घर बघायला गेलो तेव्हा ते हिरवंगार होतं, एजंट त्याला 'पाइन' म्हणाला होता. ऑक्टोबरात ते पिवळट झालं, मग विटकरी, आणि आता निम्मं झाड जमिनीवर आलंय. मेसेज ठरलेला: "दादा, झाड गेलं वाटतं. ट्री सर्व्हिसवाल्याला बोलवू का?" त्यात भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असले की घाई आणखी वाढते, कारण वाळकं झाड दारात नको.

थांबा. झाड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. सुया असलेली आणि शंकू धरणारी काही झाडं दर हिवाळ्याला सगळी पानं टाकून उघडी होतात. अमेरिकेतल्या यार्डात अशी मुख्यतः तीन भेटतात: डॉन रेडवूड, बॉल्ड सायप्रस आणि लार्च. चौथं, गोल्डन लार्च, क्वचित कुणा हौशी बागवाल्याकडे. उंच मोठं झाड तोडायचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि कित्येक टाउनशिपमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेत, त्यासाठी परवानगीही काढावी लागते. एवढं सगळं करून जिवंत झाड पाडलं, असं होऊ नये म्हणून ही पोस्ट.

आपला गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे. सह्याद्रीच्या आपल्या पट्ट्यात रानात सूचिपर्णी झाड भेटतच नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू लांबून तसा दिसतो, पण तो त्या कुळातला नाही. त्याच्या 'सुया' म्हणजे पेरं असलेल्या बारीक हिरव्या काड्या. मुंबईच्या सोसायट्यांत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात तो अरोकेरिया, आणि मनालीला बघितलेला देवदार, दोघंही बारमाही हिरवे. त्यामुळे सुई दिसली की झाड कायम हिरवं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आपल्याच देशात सिक्कीम-अरुणाचलच्या उंच भागात हिमालयी लार्च दर थंडीत पिवळा होऊन उघडा पडतो, पण तिथे आपलं जाणं बहुतेक एप्रिल-मेच्या सुट्टीत होतं.

पानगळ मात्र आपल्याला नवी नाही. पळस, पांगारा, सावर उन्हाळ्याच्या तोंडाशी निष्पर्ण होतात, कारण जमिनीत पाणी उरत नाही आणि पानं पाणी उडवत राहतात. इथे जानेवारीत जमीन गोठते. पाणी असतं, पण बर्फाच्या रूपात, मुळांना ओढता येत नाही. पाइन-स्प्रूसनी त्यावर जाड मेणचट सुयांचा उपाय काढला. लार्चसारख्यांनी पळसाचा मार्ग धरला: पान पातळ, स्वस्त ठेवायचं आणि अडचणीच्या दिवसांत टाकून द्यायचं. म्हणूनच या झाडांची पानं हाताला मऊ लागतात. उन्हाळ्यात तुमच्या झाडाच्या फांदीवरून हात फिरवला होता का, ते आठवा. टोचलं नव्हतं, गुदगुल्या झाल्या होत्या, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

आधी जिवंत आहे का ते बघू

नाव नंतर. पहिली तपासणी नखाची. हाताला लागेल अशी पेन्सिलीपेक्षा बारीक डहाळी धरा आणि नखाने साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवा थर दिसला तर डहाळी जिवंत. तपकिरी, कोरडं निघालं तर थोडं मागे, जाड भागाकडे सरकून पुन्हा बघा, आणि झाडाच्या दोन-तीन बाजूंनी बघा. एका वाळक्या फांदीवरून निकाल देऊ नका. बुंध्यावर चाकू चालवायची गरज नाही. डहाळी वाकवूनही कळतं. जिवंत असेल तर लवते, मेलेली कटकन मोडते.

दुसरं, डोळे शोधा. पुढच्या वसंतातली पालवी ज्यातून फुटणार ते डोळे या झाडांवर नोव्हेंबरातच तयार असतात. बॉल्ड सायप्रसचे फार बारीक असतात, चष्मा लावून बघावे लागतात, पण असतात.

तिसरं, रंग कसा बदलला ते आठवा. निरोगी पानझडी झाड सगळीकडून साधारण एकाच वेळी रंग बदलतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि मग पानं स्वच्छ गळतात. एकच बाजू गेली, फक्त शेंडा गेला, खालच्या फांद्या आतून वाळत आल्या, किंवा हे जुलैत झालं, तर प्रकरण वेगळं. त्याकडे पुढे येतो. पाइन खरोखर मेला तर तपकिरी सुया बराच काळ झाडावरच लटकून राहतात. तसं दिसलं तर ही पोस्ट तुमच्या झाडासाठी नाही.

मग खाली वाका

नाव शोधताना सगळे वर बघतात. नोव्हेंबरात वर काही नसतं, सगळा पुरावा जमिनीवर आणि छताच्या गटरमध्ये पडलेला असतो. पालापाचोळ्याची एक मूठ उचला.

हातात सुट्या, एकेकट्या, इंचभर लांब पिवळ्या सुया आल्या तर लार्चकडे जा. पण अख्खी पिसं आली, म्हणजे मधे एक बारीक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चपट्या पानांची रांग, तर झाड डॉन रेडवूड किंवा बॉल्ड सायप्रस. ही दोन्ही झाडं पान एकेक टाकत नाहीत, त्या बारीक काडीसकट टाकतात. बाकी कुठलीही खूण बघण्याआधी एवढ्याने वाट निम्मी होते, आणि यासाठी झाडाजवळ शिडी लावावी लागत नाही.

डॉन रेडवूड की बॉल्ड सायप्रस?

खरा घोळ इथे आहे. फोनवरची झाडं ओळखणारी ॲप या दोघांत सर्रास गल्लत करतात, आणि नर्सरीतही पाट्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. लांबून दोघं भाऊ वाटतात: निमुळता आकार, तांबूस सोलपटणारी साल, पिसासारखी पानं, विटकरी पानगळ.

निर्णायक खूण एकच, आणि ती एका मिनिटात दिसते. पडलेलं पीस पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा आणि पानं मधल्या काडीला कुठे चिकटली आहेत ते बघा. डॉन रेडवूडची पानं जोडीजोडीने, बरोबर समोरासमोर असतात. डावीकडचं जिथून निघतं तिथूनच उजवीकडचं. बॉल्ड सायप्रसची आलटून-पालटून, एक खाली तर दुसरं जरा वर. वाळलेल्या पिसावरही हे दिसतं, फक्त टोकाकडे न बघता मधल्या भागात बघा, कारण टोकाशी पानं दाटीने येतात आणि फसवतात. डॉन रेडवूडचं पान थोडं रुंद, साधारण दोन मिलिमीटर, आणि दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत लांब. बॉल्ड सायप्रसचं त्याहून बारीक आणि बहुधा आखूड. पण मापाच्या भरवशावर राहू नका, सावलीतलं पान मोठं होतं. समोरासमोर की आलटून-पालटून, हे मात्र बदलत नाही.

हाच नियम डहाळ्यांनाही लागू. पिसं झाडाने वाऱ्यावर उडवून दिली असली आणि हाती काहीच नसलं, तर उघडी डहाळी बघा. डॉन रेडवूडवर डोळे आणि बारीक फाटे जोडीने समोरासमोर, बॉल्ड सायप्रसवर एकाआड एक.

शंकू मिळाला तर दुधात साखर. अमेरिकेतला क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, साधारण २.४ सेंटीमीटर रुंद असतो. तो शेजारी ठेवा. बॉल्ड सायप्रसचा शंकू गोल चेंडूच, क्वार्टरएवढा किंवा थोडा मोठा, देठ जवळपास नाहीच. पिकला की तो फुटून त्याचे वेडेवाकडे तुकडे होतात, त्यामुळे जमिनीवर अख्खा क्वचित मिळतो. तुकडे मात्र पुष्कळ, आणि ताजे असतील तर बोटांना चिकट राळ लागते. डॉन रेडवूडचा शंकू त्याहून लहान, लांब देठावर लोंबणारा, आणि खाली पडल्यावरही अख्खा राहतो. त्याचे खवले उघडतात तेव्हा त्यांच्यातल्या आडव्या फटी मिटल्या ओठांसारख्या दिसतात. लहान वयाच्या झाडाला शंकू नसतील तर काळजी नको.

बुंधाही बोलतो. मोठ्या डॉन रेडवूडचा बुंधा तळाशी एकदम पसरतो आणि त्याला उभ्या खोल पन्हाळी पडतात. जिथून जाड फांदी निघते त्याच्या बरोबर खाली खोडात खळगा असतो, मूठ जाईल असा. एकदा बघितलात की पुढे गाडीतूनही झाड ओळखाल. बॉल्ड सायप्रसही तळाशी रुंद होतो, पण असे खळगे त्याला नसतात. त्याची स्वतःची खूण वेगळी: जमीन ओली असेल, तळं किंवा ओढा जवळ असेल, तर मुळांतून गुडघ्यासारखे लाकडी खुंट वर येतात. कोरड्या लॉनमध्ये ते फारसे दिसत नाहीत, म्हणून नसल्याने काही सिद्ध होत नाही. पण असले, तर झाड बॉल्ड सायप्रसच, आणि लॉनमोअर जपून चालवा.

एक अपवाद ठाऊक असू द्या. पिसासारखी पानं न येता दोऱ्यासारख्या बारीक काड्या उभ्या दिसल्या आणि पानं त्यांना अगदी चिकटून असली, तर तो पाँड सायप्रस, बॉल्ड सायप्रसचाच जवळचा नातलग. दक्षिणेकडच्या राज्यांत जास्त.

डॉन रेडवूडबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण तुमच्या अंगणात तो निघाला तर तोडण्याचा विचार मागे पडावा. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून या वंशाला मेटासिक्वोया हे नाव दिलं. हे झाड तेव्हा फक्त दगडातलं होतं, लक्षावधी वर्षांपूर्वी संपलेलं. त्याच सुमारास मध्य चीनमधल्या, आज हुबे प्रांतात असलेल्या लिचुआन भागातल्या एका खेड्यात एका वनविद्येच्या प्राध्यापकाला न ओळखता येणारं एक प्रचंड झाड दिसलं. गावकऱ्यांनी त्याच्या पायथ्याशी छोटं देऊळ बांधलेलं होतं. १९४३ मध्ये वांग झान यांनी त्याचे नमुने गोळा केले, आणि हू शियानसू व झेंग वानजुन यांनी १९४८ मध्ये जाहीर केलं की दगडातलं झाड हेच, आणि ते जिवंत आहे. बोस्टनच्या आर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानाने बी गोळा करायला पैसे दिले होते. ते बी १९४८ च्या जानेवारीत तिथे पोचलं आणि जगभरच्या बागांना वाटलं गेलं. अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या डॉन रेडवूडचं वय त्यामुळे साधारण तिथून मोजता येतं. चीनमध्ये रानातला डॉन रेडवूड आजही धोक्यात आहे. तुमच्या गटरमध्ये पडलेल्या पिसांचा वैताग रास्तच आहे, पण झाड काय आहे ते माहीत असावं.

बॉल्ड सायप्रसची मिजास निराळी. तो इथलाच, आग्नेय अमेरिकेच्या दलदलीतला, लुइझियानाचा राज्यवृक्ष. नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक रिव्हरच्या काठी एक बॉल्ड सायप्रस किमान २,६२४ वर्षांचा असल्याचं २०१९ मध्ये वर्षवलयं मोजून प्रसिद्ध झालं.

सुट्या सुया पडल्या असतील तर

लार्च ओळखणं सगळ्यांत सोपं, कारण त्याच्या उघड्या डहाळीवरून बोट फिरवलं की ती खडबडीत लागते. जुन्या डहाळ्यांवर जवळजवळ बुटके, गाठीसारखे खुंट असतात. उन्हाळ्यात प्रत्येक खुंटातून पंधरा-वीस ते चाळीस सुयांचा झुपका निघतो. त्याच वर्षी वाढलेल्या नव्या टोकावर मात्र सुया झुपक्यात न येता एकेक येतात. एकाच फांदीवर दोन तऱ्हा दिसतात म्हणून गोंधळू नका, ती लार्चची खूणच आहे. शंकू लहान, फांदीवर उभे, आणि बी पडून गेल्यावरही वर्षानुवर्षं झाडावरच.

कुठला लार्च हे शंकूवरून बऱ्यापैकी कळतं. डाइमपेक्षा (दहा सेंटच्या नाण्यापेक्षा) फार मोठा नसेल तर टॅमरॅक, हा उत्तर अमेरिकेतला, ओल्या दलदलीचा. तीन-चार सेंटीमीटर असून खवले सरळ उभे असतील तर युरोपीय. खवल्यांच्या कडा बाहेर वळलेल्या आणि कोवळी डहाळी तांबूस असेल तर जपानी. युरोपीय लार्चची कोवळी डहाळी फिकट पिवळी असते. न्यू जर्सीच्या अंगणात लावलेले बहुतेक लार्च या शेवटच्या दोन जातींचे, आणि दोघांचा संकरही विकला जातो, त्यामुळे अगदी जातीपर्यंत पोचायचा हट्ट धरू नका.

घराच्या पुढच्या दारापाशी कमरेएवढा, फांद्या जमिनीकडे लोंबणारा लार्चही पुष्कळ जण लावतात. कलम केलेलं असतं. जानेवारीत त्याच्याइतकं मेलेलं दिसणारं दुसरं झाड नसेल. नव्या घरमालकांकडून सगळ्यात आधी बळी जातो तो याचाच. मार्चअखेर-एप्रिलमध्ये, बाकी झाडं अजून विचारात असताना, तो पोपटी फुटतो.

गोल्डन लार्च दिसायला लार्चच, पण खुंट जास्त लांब आणि वाकडे, सुया रुंद, आणि शंकू पिकला की त्याचे खवले सुटून पडतात, झाडावर राहत नाहीत. हा असेल तर त्याची किंमत तुमच्या आधीच्या मालकाला ठाऊक होती.

यातली नसलेली, पण हमखास फसवणारी

व्हाइट पाइन सप्टेंबर-ऑक्टोबरात आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या करून टाकतो, टोकं हिरवीच राहतात. दर वर्षीचं आहे, काही करू नका. सुया पाचपाचच्या जुडग्यात असतात, त्यावरून ओळखा. आर्बरविटी, म्हणजे कुंपणाला लावतात ते, तेही शरद ऋतूत आतून तपकिरी होतं. त्याचंही तेच.

ब्ल्यू स्प्रूसचं दुखणं मात्र खरं असतं. खालच्या, आतल्या सुया जांभळट-तपकिरी होऊन गळत वर सरकत जातात आणि फक्त टोकं हिरवी उरतात. भिंगातून सुईवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर तो ऱ्हायझोस्फेरा नावाचा बुरशीजन्य रोग. त्यावर उपचार असतो, पण वेळेवर, वसंतात नव्या सुया फुटताना.

क्रिप्टोमेरिया, जपानी सीडर, हिवाळ्यात पार करडा-जांभळट होतो आणि लोक घाबरतात. पण त्याची पानं गळत नाहीत, एप्रिलमध्ये पुन्हा हिरवी होतात. आणि कॅलिफोर्नियात बे एरियातून फोटो येतो तेव्हा शंका कोस्ट रेडवूडची असते. तो सदाहरित, जुन्या आतल्या डहाळ्या तपकिरी करून टाकतो, पण बाहेरून हिरवा असतो. त्याच्या पानाच्या मागे पांढुरके पट्टे असतात आणि पानं समोरासमोर नसतात.

विचारायचं असेल तर कसले फोटो पाठवाल

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढलेला, अर्ध्यावर ग्रिल आलेला झाडाचा फोटो बघून कुणालाच काही सांगता येत नाही, ॲपलाही नाही. पांढऱ्या कागदावर एक डहाळी, पडलेली दोन पिसं किंवा सुया, सापडला तर शंकू, आणि शेजारी क्वार्टर. हा फोटो वरून, सावलीत, जवळून. मग बुंधा जमिनीपासून छातीपर्यंत. मग पूर्ण झाड. गाव सांगा, आणि झाडाचा रंग कुठल्या महिन्यात बदलला ते सांगा. एवढ्यावर उत्तर बहुधा पहिल्याच मेसेजला मिळतं.

माणसांनाही दाखवता येतं. प्रत्येक राज्यात विद्यापीठाच्या, शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या एक्स्टेन्शन सेवेची काउंटी पातळीवर कार्यालयं आहेत: न्यू जर्सीत रटगर्स, पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट, न्यू यॉर्कमध्ये कॉर्नेल. मास्टर गार्डनर नावाचे प्रशिक्षित स्वयंसेवक फोनवर आणि ईमेलवर उत्तरं देतात. झाड तोडायला सुचवणाऱ्याकडूनच ते जिवंत आहे की नाही हा निवाडा घेऊ नका. पोटाचा प्रश्न त्यालाही आहे. न्यू जर्सीत झाडाचं निदान करणाऱ्यांसाठी 'लायसन्स्ड ट्री एक्स्पर्ट' हा राज्याचा वेगळा परवाना आहे. तो आहे का, हे पहिल्या फोनलाच विचारा.

पानझडीच असून वेळ चुकली तर

आता उलट बाजू. झाड बॉल्ड सायप्रस आहे हे पक्कं आहे, पण ऑगस्टमध्येच तपकिरी झालं. टेक्साससारख्या ठिकाणी, डॅलसच्या आसपासच्या उपनगरांत, हे पुष्कळदा होतं. कडक उन्हाळा आणि कोरडी जमीन असली की झाड पानगळ लवकर उरकून घेतं. डहाळ्या हिरव्या आहेत ना बघा. असतील तर फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यापाशी नव्हे, आठवड्यातून एकदा खोल पाणी द्या. रोज पाच मिनिटं स्प्रिंकलर लावून उपयोग नाही, पाणी वरच्या वर उडून जातं. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या. कागदावर सुईच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर कोळी किडा आहे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो बराच कमी होतो.

तिथलाच दुसरा प्रश्न पिवळेपणाचा. जूनमध्ये नवी पानं पिवळी, शिरा किंचित हिरव्या, तर बहुतेक जमीन अल्कधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) आहे आणि झाडाला लोह घेता येत नाही. बॉल्ड सायप्रसला आम्लधर्मी किंवा निदान उदासीन माती लागते. आधी माती तपासून घ्या, मग अल्कधर्मी जमिनीत चालणारं चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह. खताची पिशवी ओतून हे बरं होत नाही.

डॉन रेडवूड पूर्ण उन्हाळा सोनेरी-पिवळा दिसत असेल तर मात्र आधी आधीच्या मालकाला विचारा. ओगॉन नावाचा एक वाण मुळातच पिवळा असतो, तो गोल्ड रश या नावानेही विकतात. त्याला लोह घालत बसू नका.

लार्च मेमध्ये टोकांकडून गवताच्या रंगाचा झाला तर सुई उघडून बघा. आतून पोकळ असेल तर लार्च केसबेअरर नावाच्या पतंगाची अळी आत शिरली आहे. जोमदार झाड त्याच वर्षी दुसऱ्यांदा पालवी धरतं. दरवर्षी होऊ लागलं तरच उपाय.

वसंतातल्या वेळा लक्षात ठेवा. न्यू जर्सीत लार्च मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुटतो, डॉन रेडवूड एप्रिलमध्ये. बॉल्ड सायप्रस सगळ्यात उशिरा, मेचा दुसरा आठवडा उजाडला तरी कधीकधी नुसता उभा असतो. एप्रिलअखेर अवचित गारठा पडून डॉन रेडवूडची कोवळी पालवी काळी पडली, तर तो काही आठवड्यांत पुन्हा फुटतो. गेल्याच वर्षी लावलेलं झाड या सगळ्यांपेक्षा उशीर करू शकतं.

मे संपला, एकही हिरवं टोक नाही, चार जागी नखाने खरवडून कोरडं तपकिरीच निघतंय, तर मग जरूर परवानाधारकाला बोलवा. झाड घरावर किंवा शेजारच्या फेन्सवर झुकलं असेल, बुंध्याशी माती उचकटलेली दिसत असेल, किंवा खोडावर मोठी आळंबी आली असेल, तर मेची वाट न बघता आजच. आणि झाड तोडावंच लागलं, तर टाउनशिपची परवानगी आणि एचओएचं (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र दोन्ही वेगवेगळी असतात. एक मिळालं म्हणून दुसरं मिळालं असं होत नाही.

नवीन लावणार असाल तर डॉन रेडवूड घरापासून, सेप्टिक टँकपासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावा. तो वर्षाला दोन-तीन फूट सहज वाढतो आणि शंभर फुटांपर्यंत जातो. पानगळीत गटर चोंदू नये म्हणून छताच्या टोकापासून निदान वीस-पंचवीस फूट अंतर ठेवलेलं बरं.